समुद्राकडे मारला की आऊट

टेकडीवरच्या बागेत पोचेपर्यंत माझे पाय भरून आले होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून संध्याकाळचा हा एक तास काय तो माझा. तेवढा वेळ शेजारच्या वहिनी त्यांच्यापाशी बसतात.

बाकावर टेकले. पुढे मैदान, मैदानापलीकडे उतार आणि खाली नजर पोचेल तिथवर समुद्र. ऑफिसातून परस्पर आलेली माणसं क्रिकेट खेळत होती, पण समुद्राकडे चेंडू कुणीच मारत नव्हतं.

"तिकडे का नाही मारत हो?" मी जवळ उभ्या असलेल्या एकाला विचारलं.

"तिकडे मारला की आऊट, काकू. शिवाय ज्यानं मारला त्यानंच खाली उतरून आणायचा."

नियम ओळखीचा वाटला. इतकी वर्षं मीही अशीच खेळत आले, बेतानं, समुद्राची बाजू टाळून.

तेवढ्यात एका पोट सुटलेल्या गृहस्थानं चेंडू सरळ समुद्राच्या दिशेनं टोलवला. सगळे त्याच्यावर ओरडले. त्यानं बॅट शांतपणे खाली ठेवली आणि तो पायऱ्या उतरून गेला. बराच वेळ वर आलाच नाही. चेंडू शोधत असेल, नाहीतर नुसता उभा असेल.

माझा तास संपला होता. पिशवीत फोन वाजला, वहिनींचाच. रिंग थांबेपर्यंत मी समुद्राकडे बघत राहिले.