उघडी रास

आमच्या घरात पावसावरून दोन पक्ष होते. बाबा भांडुपच्या मिठागरावर मुकादम. पाऊस जितका उशिरा, तितकं मीठ जास्त, म्हणून ते त्याला लांबच ठेवू बघत. आई मात्र जून उजाडला की त्याची वाट बघत बसे, कारण मालवणकडे तिच्या भावाची भातशेती होती. बाबाही शिरोड्याकडचे, तिथल्याच मिठागरांत वाढलेले. त्यामुळे भांडण व्हायचं ते खास मालवणीत, आणि आम्हा पोरांची फुकट करमणूक व्हायची.

बाबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मिठाची एक जरी रास उघडी राहिली, तरी पाऊस तिच्या वासावर येतो म्हणे. म्हणून मे संपायच्या आत सगळ्या राशी गवताने शाकारून व्हायच्या. त्यांतली टोकाची लहान रास आमची होती. मालकाने मुकादम म्हणून बाबांना एक वाफा स्वतःसाठी दिला होता. घरचं वर्षाचं मीठ आणि आमची शाळेची पुस्तकं त्या राशीतून निघायची.

सत्त्याऐंशी साली जून कोरडा गेला. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. वाफ्यांत मीठ धरत राहिलं आणि मालक खूश झाला. मग मामाचं पोस्टकार्ड आलं. तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, पिवळा पडला होता. आठ दिवसांत पाऊस नाही आला तर सगळा जाईल, आणि पुन्हा पेरायला घरात बी उरलेलं नाही. आईने कार्ड देवापाशी ठेवलं आणि बाबांशी बोलणं टाकलं. जणू पाऊस त्यांनीच अडवून धरला होता.

मी तेव्हा नववीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. त्याच आठवड्यात भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर पॅसिफिक महासागर काढला. म्हणाल्या, एरवी तिथला वारा वरचं गरम पाणी ढकलत ढकलत आशियाच्या बाजूला साठवतो, आणि त्या गरम पाण्यावर ढग उठतात. काही वर्षांनी एकदा हा वारा मंदावतो. मग ते पाणी माघारी, पलीकडच्या पेरू देशाच्या किनाऱ्याकडे सरकतं, ढगही त्याच्यामागे जातात, आणि इकडे आपला पावसाळा बहुतेकदा रोडावतो. पेरूचे कोळी या गरम पाण्याला 'बाळ' म्हणतात, कारण ते नाताळच्या सुमारास येतं. मागून कोणीतरी म्हणालं, "आपला बाळ लोणी चोरतो, त्यांचा पाऊस चोरतो!" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. इतक्या लांबचं पाणी जरा कोमट होतं आणि माझ्या मामाचा तरवा पिवळा पडतो, या विचाराने अंगावर काटा आला.

शाळेच्या दप्तरासकट मी मिठागरावर गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, अर्धं त्यांच्या डोक्यावरून जाईल. ते मला खाडीचं पाणी साठवायच्या मोठ्या तळ्यापाशी घेऊन गेले. दुपारचा वारा सुटला होता. पलीकडच्या बांधाशी पाणी चढलं होतं आणि आमच्या पायाशी चिखल उघडा पडला होता.

"वारा पडला की हे सगळं माघारी येतं," बाबा म्हणाले. "रोज बघतो मी. तुझा समुद्र म्हणजे असंच एक तळं, फक्त मोठं."

मी बघतच राहिले. बाईंचा अख्खा फळा त्या चिखलात होता.

"पण बाबा, तिथे आणखी गंमत आहे. वारा मंदावतो म्हणून पाणी सरकतं, आणि पाणी सरकतं म्हणून वारा आणखी मंदावतो."

"मग सुरुवात कोण करतं?"

ते बाईंनी सांगितलं नव्हतं. बाबांनी वळून टोकाच्या आमच्या राशीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या राशीवरचं गवत ओढून काढलं. बांधापलीकडच्या आमच्या घरातून आई धावत आली. इतक्या दिवसांनी तिने तोंड उघडलं ते असं, "तुमका खूळ लागला काय?"

"मीठ उघडा ऱ्हवला की पावस येता ना? मगे येऊंदे. सुरुवात कोणीतरी करूक व्हयी."

मला त्यांचा भयंकर राग आला. मी त्यांना महासागर समजावून सांगितला, आणि हे एका राशीने पाऊस बोलावायला निघाले होते! कामाला येणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मान खाली घालून शाळेत जायचे. रास मात्र उन्हात पांढरीशुभ्र उभी होती.

सहाव्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि पाऊस आला. का आला, ते मी सांगणार नाही. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी कारण दिलं असतं, आणि ते खरंही असतं. आई गवताचा भारा घेऊन राशीकडे धावली. बाबांनी तिचा हात धरला. आम्ही तिघं भिजत उभे राहिलो आणि रास आमच्यादेखत खचत, पाझरत पुन्हा खाडीला मिळाली. इतकं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मामाचा अर्धा तरवा वाचला. दिवाळीनंतर त्याने नव्या तांदळाची पिशवी पाठवली. आईने पेज केली. मिठाचा डबा रिकामा होता, म्हणून तिने मला वाण्याकडे पिटाळलं. मुकादमाच्या घरात मीठ विकत आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तिने चिमूटभर मीठ आधी बाबांच्या पेजेत टाकलं.

"पावस मिठाक जागलो हो," ती म्हणाली.

भूगोलात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. मी मुकाट्याने पेज प्यायले.