रामकिसन काकांच्या फोटोखालची कादंबरी

सिडकोतल्या प्रेरणाताई वाकळे यांनी दहा वर्षांत सहा प्रेमकादंबऱ्या लिहिल्या, पण 'वाचली बरं का' असं त्यांना एकाही माणसानं म्हटलं नाही. 'मिळाली' असं पुष्कळांनी म्हटलं. शेजारच्या बाईंनी तर साडीचा पोत बघावा तसं पान चिमटीत धरून 'कागद भारीय हो' म्हटलं. ताईंचं मागणं काही फार नव्हतं. कुणीतरी एकानं शेवटच्या पानापर्यंत जावं आणि दोन शब्द बोलावेत. शिव्या असल्या तरी चालतील.

प्रकाशक म्हणाले, "मॅडम, आता पुस्तक लेखकानंच पोचवायचं असतं. रील टाका." ताईंनी सहाव्या कादंबरीसाठी, 'पावणेचारची पॅसेंजर'साठी, गुलाबी साडी नेसून रील टाकली. ती एकतीस वेळा पाहिली गेली. त्यातल्या वीस वेळा ताईंनीच पाहिली. पुढच्या महिन्यात प्रकाशकांनी गोदाम रिकामं केलं आणि उरलेल्या तीनशे प्रती टेम्पोनं घरी धाडल्या. खोकी हॉलमध्ये रचली गेली. त्यांच्यावर आधी टीव्ही आला, मग वाळलेले कपडे.

अशात पिशोरहून मनकर्णा काकूंचा फोन आला. काकू म्हणजे ताईंच्या नवऱ्याची, सोमनाथरावांची चुलती. काकूंचे यजमान रामकिसन काका यांचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलेलं. जेवून उठलेल्या पाहुण्याच्या हातात गेलेल्या माणसाचा फोटो चिकटवलेला हरिपाठ द्यायचा, ही त्यांच्या भावकीतली रीत. फोटो छापून तयार होते, हरिपाठ मात्र छापखान्यात अडकले होते.

"काकू, आपल्या घरात तीनशे पुस्तकं पडलीत की!" सोमनाथराव म्हणाले.

"अहो, ती प्रेमकथा आहे!" ताई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"अक्षरं हायेत ना? मंग झालं," काकू फोनवर म्हणाल्या. "कोण वाचतंय!"

दहा वर्षांचा अनुभव काकूंच्याच बाजूनं होता.

पुस्तकं गेली. पहिल्या पानावर जिथं ताईंचं नाव होतं, नेमकं तिथंच काकांचा फेट्यातला फोटो डकवला गेला. हॉल मोकळा झाला. सोमनाथराव खूश, टीव्ही भिंतीवर.

पंधरा दिवसांनी मनकर्णा काकू एकट्याच एसटीनं आल्या. पाणी प्यायल्या, चहाला नको म्हणाल्या आणि पिशवीतून कादंबरी काढून त्यांनी ताईंपुढं ठेवली.

"प्रेरणा, खरं सांग. ती बाई कोण?"

"कोणती बाई?"

"लासूर स्टेशनावरची. तो बाजाराला येतो आन गाडीची वाट पाहणाऱ्या त्या बाईला पेरू कापून, मीठ लावून देतो. नातीनं समदं वाचून दाखवलं मला."

ताईंच्या आता ध्यानात आलं. काकांनी चाळीस वर्षं लासूरचा बाजार चुकवला नव्हता. वर पहिल्याच पानावर त्यांचा फोटो. भावकीनं कादंबरी त्यांचं चरित्र म्हणून वाचली होती.

"काकू, देवाशपथ, मी ते मनानं लिहिलंय."

"मनानं कुणी एवढं लिहितं व्हय? मीठसुद्दा?"

"मीठसुद्धा."

काकूंनी फोटोवरून बोट फिरवलं. "मला बी वाटलंच. मह्या म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात कुणाला पेरू कापून दिला नाय. सोता खायचा, बिया मह्याकडं थुंकायचा."

ताईंना हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी हळूच विचारलं, "काकू... किती जणांनी वाचली?"

"समद्या गावानं. दुसऱ्यांदा बी वाचायलेत."

दहा वर्षं ज्या वाक्यासाठी ताईंचे कान आसुसले होते, ते वाक्य असं आलं. त्यांना धड आनंदही होईना.

"बाया लई टोचायल्या," काकू म्हणाल्या. "काकाची भानगड व्हती म्हणं. मंग मी बी ठोकून दिलं, ती बाई मीच व्हते. लग्नाच्या आधीची गोष्ट. तव्हापासून गप हायेत. पारावरून गेले तं जागा करून देतेत." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "पण तू शेवटी तिला गाडीत बसवून कायमची धाडलीस ना. आता इचारतेत, तू गेलतीस तं आलीस कव्हा? काय सांगू?"

"मी येऊन सांगते ना सगळ्यांना. मी लेखिका आहे, ते सगळं खोटं..."

"खबरदार!" काकू म्हणाल्या. अगदी हळू आवाजात. "तेवढंच हाये मह्याकडं. शेवट बदलून दे."

"छापलेलं कसं बदलणार?"

"पेन नाय का घरात?"

ताईंनी पेन घेतलं. शेवटच्या ओळीचं विरामचिन्हसुद्धा त्यांनी महिनाभर घोळवलं होतं. तिच्याखाली कोऱ्या जागेत त्यांनी लिहिलं, 'पुढच्या स्टेशनावर ती उतरली आणि परत आली.'

काकूंनी वाचायला लावलं. मान हलवली. "आन त्यानं पेरू दिला, ते बी टाक."

ताईंनी टाकलं.

"बाकीची बुकं रैवारी पोत्यात घालून आणते," काकू चप्पल घालत म्हणाल्या. "अक्षर एकसारखं काढ."