मंगळवारची लाईट

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी हसायला नको. भिंतीवर पाल दिसली तर मी त्या खोलीत जेवत नाही. पण ह्या सगळ्या फुटकळ भीती. माझा जीव खरा खाल्ला तो दोन गोष्टींनी: उसातल्या बिबट्याने आणि विहिरीवरच्या विजेने.

म्हसावदहून थोडं पुढे आमचं शेत आहे. ऊस, केळी, थोडा कापूस. शेतीच्या लाईटला आमच्याकडे वार असायचे. काही वार दिवसाची, काही वार रात्रीची. सोमवार-मंगळवार कायम रात्रीचे. त्यामुळे गावाची सगळी कामं त्या हिशेबाने चालायची. विहिरीत उतरून मोटरची जाळी साफ करायची असो, केबलचा जोड पुन्हा बांधायचा असो, ते रात्रीच्या वारी दिवसा करायचं, कारण तेव्हा तारा मेलेल्या असतात. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. पोरांना पाढे यायच्या आधी लाईटचे वार यायचे.

रात्रीचे वार माझ्या मुळावर आले होते. नवरा बॅटरी घेऊन उसाला पाणी भरायला जायचा आणि मी घरात डोळे ताणून बसायची. शेजारच्या शिवारात बिबट्याने वासरू नेलं, मग कुत्रा नेला, मग एकाच्या खांद्यावर पंजा मारला. सासूबाई म्हणायच्या, नशिबात असेल ते होईल. मला नशिबाचा असा भरवसा कधीच नव्हता. मी नवऱ्याच्या मागे लागून लागून स्टार्टरला ऑटो बसवून घेतला. लाईट आली की मोटर आपोआप चालू, अंधारात बटण दाबायला जायला नको. ऑटो लावू नका, त्याने ट्रान्सफॉर्मर जळतात, असं वायरमन दर महिन्याला ओरडून जायचा. ओरडू दे म्हटलं. ट्रान्सफॉर्मर नवीन मिळतो.

अशात ग्रामसभेत विषय आला की गावच्या गायरानावर सरकार सोलर बसवणार, आणि त्यातून शेतीला रोज दिवसा लाईट देणार. जागेचं भाडं ग्रामपंचायतीला मिळणार. शेळ्या राखणारी एक म्हातारी उठली आणि म्हणाली, मग मन्ह्या शेळ्या कोठे चरतीन? योजना सांगायला आलेले साहेब कागद चाळायला लागले. तिचं चुकत नव्हतं, पण मला त्या क्षणी शेळ्या दिसत नव्हत्या, उसात वाकलेला नवरा दिसत होता. जन्मात पहिल्यांदा मी ग्रामसभेत उभी राहिले. मी म्हटलं, माझ्या घरचा माणूस रात्री उसात जातो आणि सकाळपर्यंत मी निम्मी मेलेली असते, दिवसा लाईट देणार असाल तर पाहिजे ते बसवा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी नाल्याकडची पट्टी शेळ्यांना सोडून बाकी जागा द्यायची ठरली.

पुढे मात्र नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी खांब नाहीत, कधी तार नाही, कधी पावसामुळे खड्डे भरलेले. प्लेटा बसल्या, उन्हात लखलखायला लागल्या, तरी लाईट आपली रात्रीचीच. आता पुढल्या महिन्यात, आता दिवाळीनंतर, असं इतक्यांदा ऐकलं की लोकांनी ऐकणंच सोडून दिलं.

आणि एका मंगळवारी सकाळी गावाच्या ग्रुपवर वायरमनचा निरोप आला: आजपासून शेतीची लाईट रोज दिवसा, थोड्याच वेळात चालू होईल. मी तो सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, आज शिरा कर. मी रवा काढला, कढई ठेवली. आता रात्री कुणी उसात जाणार नव्हतं. सहज विचारलं, हे कुठे गेले? सासूबाई म्हणाल्या, विहिरीवर. मोटरला शेवाळ धरलंय म्हणत होता, आज मंगळवार, उतरून साफ करून येतो.

मी फोन लावला. तो घरातच वाजला, टीव्हीच्या मागे चार्जिंगला लावलेला.

मी पळाले. गॅस बंद केला की नाही, आजही आठवत नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती: ऑटो चालूच असणार. ऑटो कुणी बंद करतच नाही, बंद करायची कुणाला सवयच नाही. आणि पाण्यात जाणाऱ्या त्या केबलचा जोड सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधलेला, मी स्वतः पाहिलेला. लाईट आली की मोटर चालू होणार आणि तो पाण्यात उभा असणार. नाल्यात एक चप्पल रुतली, दुसरी मीच फेकली. वाटेत कुणी भेटलं असतं तर त्याला पाठवलं असतं. कुणी भेटलं नाही.

विहिरीत वाकून पाहिलं तर तो कमरेइतक्या पाण्यात उभा, एका हाताने मोटरचा दोर धरलेला.

"अहो, वर या. लाईट ई ऱ्हायनी."

तो वर बघून हसला. "कसाले घाबरस? आज ते मंगळवार शे."

मी सोलर म्हटलं, ग्रुप म्हटलं, वायरमन म्हटलं. धाप लागलेली, एकही वाक्य पुरं होईना. आणि मी भित्री हे त्याला ठाऊक. बिबट्याच्या नावाने मी त्याला इतक्यांदा हाका मारून परत बोलावलं होतं की ही हाकही त्याने त्यातच जमा केली. एवढी जाळी झाली की आलोच म्हणाला आणि पुन्हा पाण्यात वाकला.

तेव्हा मी स्टार्टरच्या पेटीकडे पाहिलं. लहानपणी माहेरी मी चुलत्याला अशाच पेटीला चिकटून मेलेलं पाहिलंय. तेव्हापासून पेटीजवळून जाताना मी पदर आवरून जाते, हात लावणं तर दूरच. त्यात पाय अनवाणी, नाल्यातल्या चिखलाने ओले. बांधावरची कापसाची वाळलेली पऱ्हाटी उचलली आणि तिने ऑटोचा खटका खाली दाबायला लागले. पऱ्हाटी मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. मला रडू फुटलं. देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणाले आणि डोळे मिटून अंगठ्याने खटका दाबला. तो खाली बसला.

हात काढते न काढते तोच लाईट आल्याचं दाखवणारे पेटीवरचे तिन्ही बल्ब लागले.

मोटर गप्प होती. खालून तो काहीतरी चेष्टेचं बोलत होता, गुळाचा खडा खा म्हणजे भीती उतरेल, असं मला चिडवत होता. माझी ओ आली नाही म्हणून तो चढून वर आला, हाताचं शेवाळ झटकत. मग त्याने बल्ब पाहिले. भर उन्हात तिन्ही जळत होते. तो तिथेच मातीत खाली बसला. म्हणाला, "आज मंगळवारच शे ना?"

आता रोज दिवसा लाईट असते. नवरा रात्री घरी झोपतो, घोरतो, आणि ते घोरणं मला गोड लागतं. सरकारने चांगलं केलं, हे मी कुणालाही सांगेन. पण लाईटची वेळ बदलण्याआधी एखादा माणूस विहिरीविहिरीवर फिरवून आधी सगळे ऑटो बंद करायला लावले असते, तर माझं आयुष्य दहा वर्षांनी वाढलं असतं, हेही सांगेन. ग्रुपवरचा निरोप विहिरीत ऐकू जात नाही.

आमचा ऑटो मी काढून टाकायला लावला. रोज सकाळी ऊन प्लेटांवर चढलं की नवरा स्वतः बटण दाबतो आणि मोटरचा आवाज घरापर्यंत येतो. आता त्या आवाजाची भीती वाटायला नको. तरी आवाज आला की मी ओट्यावर येऊन त्याला हाक मारते. शिवारातले लोक हसतात, तो चिडतो, आता पुरे कर म्हणतो. पण ओ देतो. त्याची ओ आली की मग मी चहा ठेवते.