तीन मिलिमीटरचा सूट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतोय, कारण आता लपवायचाही कंटाळा आलाय.

मी पाणबुड्या. जळगावात मेहरूणला राहतो, पोहण्याच्या तलावावर स्कूबा शिकवतो. पहिला धडा वेटसूटचा, म्हणजे पाण्यात अंगाची ऊब टिकवणाऱ्या रबरी पोशाखाचा. कोमट समुद्राला तीन मिलिमीटर जाडी पुरते, गार पाण्याला पाच, त्याहून गार असेल तर सात. आणि वर हात बुडवून ठरवू नका, तळाशी किती गार आहे ते विचारा — हे मी दर वेळी बजावतो. पोरं विचारतात, सर, हे कुठं शिकलात? अनुभव, म्हणतो. कसला अनुभव, ते मात्र सांगत नाही.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. दोंडाईचाच्या बाजूचं एक धरण. पाणी आटतं तसे शेतकरी मोटारीचा पाइप आत आत सरकवतात. तसाच एक जण पाइपाच्या टोकाचा फूटवॉल पुढे ढकलायला उतरला, तो वर आलाच नाही. तिशीतला माणूस. मला फोन आला. घरात तीनचा आणि पाचचा, दोन्ही सूट होते. पाचचा हातात घेतला — आणि परत खुंटीला लावला. अंगाची लाहीलाही होत होती, तो जाड रबर उन्हात कोण चढवणार? आणि आपल्या खान्देशात पाणी कसलं गार असणार? मालवणला पाच वर्षं बुड्या मारलेला माणूस मी, आणि असा विचार केला.

वरचं पाणी कोमट होतं. खाली गेलो तसा गारठा हाडांत शिरला. धरणात गेलेल्या जुन्या गावाची विहीर तिथं तळाशी होती, आणि तो तिच्याच अंगाला बुडाला होता. विहिरीच्या तोंडाशी पोचलो. हात इतके कापत होते की टॉर्च धरवेना. आत जायचं होतं — मी गेलो नाही. वर आलो.

काठावर त्याचे वडील होते, आबा. माझे दात वाजताना बघून त्यांनी खांद्यावरचं उपरणं माझ्याभोवती गुंडाळलं. मग विचारलं, "भाऊ, हीर देखी ना?"

सूट चुकला, उद्या जाड घालून येतो — एवढंच सांगायचं होतं ना? पण सगळं गाव बघत होतं. मे महिन्यात थंडीनं पळालेला पाणबुड्या, हे मला ऐकवलं नसतं.

"देखी, आबा," मी म्हणालो. "तठे काहीच नही."

झालं. शोध दुसऱ्या काठाला गेला. विहिरीकडे कुणी फिरकलं नाही, कारण ती मी बघितली होती. त्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही.

तिसऱ्या दिवशी तो विहिरीच्या बरोबर वर तरंगला. लोक म्हणाले, वाऱ्यानं ओढत आणला असेल. मीही मान हलवली.

चेहरा ओळखू येत नव्हता. माशांनी काही ठेवलं नव्हतं. पहिल्या दिवशी काढला असता तर तो तसा नसता, हे मला माहीत होतं. त्याला कापडात घट्ट बांधून टाकलं. त्याची आई गाठी सोडायला धावत होती, बायका तिला मागं ओढत होत्या. "मन्हा पोरनं तोंड एक डाव दखाडा," एवढंच ती म्हणत राहिली.

कुणी दाखवलं नाही. मी चार पावलांवर उभा होतो.