आधी पळी, मग मीठ

शिवलीला नेमकं काय काम करते, हे बनशंकरीतल्या तिच्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नाही. ‘कंप्युटरमध्ये आहे’ एवढं सगळ्यांना ठाऊक, आणि तेवढ्या भांडवलावर शेजारपाजारचे लोक बिघडलेले प्रिंटर तिच्या दारात आणून ठेवतात. ती बिचारी तेही दुरुस्त करून देते. तिचं खरं काम हेब्बाळच्या एका काचेच्या इमारतीत चालतं, आणि ते आहे आजारी डिस्कांची देखभाल. मोठ्या कंपन्यांची सगळी माहिती ज्या डिस्कांवर असते, त्या डिस्का आणि कंप्युटर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्रॅम बसलेला असतो. तो शिवलीलेच्या टीमचा.

डिस्क नीट चालते तोवर त्या ड्रायव्हरला कुत्रं विचारत नाही. ती मुकी झाली की मात्र धावपळ सुरू होते. एकाच डिस्कवर एकाच वेळी शेकडो कामं सोपवलेली असतात. उत्तर येईना म्हटल्यावर त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, हिला शुद्धीवर आणायची जबाबदारी आपलीच. एक जण तिला रीसेट करतो, म्हणजे झोपवून पुन्हा उठवतो. ती डोळे उघडते न उघडते तोच दुसरा येऊन पुन्हा झोपवतो. मग तिसरा. मूळ दुखणं राहतं बाजूला आणि डिस्क मरते ती उपचारांनी. सगळे भले, सगळे कामसू, आणि सगळे मिळून एकीचा जीव घेतात.

यावरचा उतारा शिवलीलेने कुठल्या कॉलेजातून आणला नव्हता. तो तिने आणला निपाणीहून, आईच्या स्वयंपाकघरातून. यल्लव्वा, म्हणजे तिची आई, मोठ्या एकत्र घरात सून म्हणून आली तेव्हा चुलीवर एकच मोठं पातेलं आणि भोवती चार जावा. आमटी वरचेवर खारट व्हायची. सासूला वाटायचं, जावाजावांचं वैर. यल्लव्वाला खरं कारण माहीत होतं. एकीला वाटायचं, दुसरी मीठ विसरली तर बिचारीला बोलणी बसतील, म्हणून ती हळूच एक चिमूट टाकायची. दुसरीलाही तिच्याबद्दल नेमकं तेच वाटायचं. यल्लव्वा म्हणायची, "वैर असतं तर आमटी अळणी झाली असती की."

मग यल्लव्वाने नेम घालून दिला. जी मीठ घालणार तिने झाकणावर पळी उपडी ठेवायची. आणि मीठ घालून झाल्यावर नव्हे, आधी. कारण पाहिलं, पळी सरळ आहे, मीठ आणायला वळलं, तेवढ्यात दुसरीनेही तेच पाहिलेलं असतं. म्हणून आधी पळी, मग मीठ. जिने पळी उपडी केली तिने काम होईस्तोवर चुलीपासून हलायचं नाही. आणि बाकीच्यांनी, कितीही हात शिवशिवले तरी, गप बसायचं.

शिवलीलेने हाच नेम ड्रायव्हरमध्ये लिहिला. उत्तराविना अडलेल्या कामांपैकी एकाने आधी खूण करायची, मग डिस्कला हात लावायचा. बाकीच्यांनी आपापलं काम धरून थांबायचं. आता तिच्या टीममधली तमिळ आणि बंगाली मंडळीसुद्धा मीटिंगमध्ये ‘पळी कुणाकडे आहे?’ असं विचारतात. पुण्याहून नवीन आलेला वेदांत पहिल्यांदा फिसकन हसला होता. पुढे त्याच्याच कोडने, खूण न करता, अर्धवट उठलेल्या डिस्कला पुन्हा झोपवलं.

"पण मॅम, मी चेक केलं होतं. तेव्हा कुणीच रीसेट करत नव्हतं."

"तू पाहिलंस आणि मग मीठ घातलंस," शिवलीला म्हणाली. "पाहण्याला काही अर्थ नसतो, वेदांत. खूण करण्याला असतो."

असं हे लोकांना शिकवणारं माणूस. आता तिच्या घरचं ऐका.

वडील गेल्यावर यल्लव्वा बनशंकरीत लेकीकडे राहायला आली. शिवलीलेने लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल तिला विचारायची आता कुणाची छाती नाही. वरच्या मजल्यावर तिचा थोरला भाऊ योगीराज राहतो. यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या गाळ्यावर असतो, पहाटेच घर सोडतो. यल्लव्वाला साखरेचा आजार, रोज न्याहारीआधी इन्सुलिन. हल्ली तिला सकाळचं दुपारी आठवत नाही. वाटणी सरळ होती: रोजच्या दिवशी शिवलीला इंजेक्शन देणार, रविवारी योगीराज, कारण रविवारी शिवलीला उशिरा उठते.

त्या बुधवारी बाजार अचानक बंद होता. योगीराज घरीच. खाली डोकावला तर बहिणीच्या खोलीचं दार लोटलेलं. आठवडाभर हिला ऑफिसने पिळून काढलंय, झोपू दे, असं म्हणून त्याने आईला इंजेक्शन दिलं, इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये जागच्या जागी ठेवलं आणि कोपऱ्यावर इडली आणायला गेला. थोड्या वेळाने शिवलीला उठली. बुधवार, म्हणजे आपली पाळी. फ्रिज उघडला, पेन जागेवर. आईला विचारलं, "अव्वा, इंजेक्शन झालंय काय?" यल्लव्वा म्हणाली, "काय की बाई." शिवलीलेने इंजेक्शन दिलं.

योगीराज इडलीची पुडी घेऊन आत आला आणि म्हणाला, "लीला, अव्वाला दे लगेच खायला. इंजेक्शन दिलंय मी मघाशीच."

शिवलीलेच्या हातातला पेला खाली पडला नाही की काही नाही. तिने तो ओट्यावर नीट ठेवला.

"मीबी दिलंय, अण्णा."

दोघांनी आईकडे पाहिलं. यल्लव्वाच्या कपाळावर घाम डवरला होता आणि जीभ जड पडत चालली होती. साखरेचं पाणी पाजलं, निम्मं पोटात गेलं, निम्मं पदरावर. मग दोघंही आपापल्या फोनला चिकटली. शिवलीलेने अॅम्ब्युलन्स बोलावली. योगीराजने ओळखीच्या रिक्षावाल्याला बोलावलं, नर्सिंग होम दोन गल्ल्या पलीकडे तर होतं. रिक्षा दाराशी उभी दिसली तशी शिवलीलेने खिडकीशी जाऊन अॅम्ब्युलन्स नको म्हणून कळवलं. त्याच वेळी योगीराज रिक्षावाल्याला सांगत होता, "अण्णा, सरी, तुम्ही जावा, अॅम्ब्युलन्स बरलिकत्तदे." अॅम्ब्युलन्स येतेय, असं सांगून त्याने रिक्षा वाटेला लावली आणि आत आला.

"कुठाय अॅम्ब्युलन्स?"

"रिक्षा कुठाय?"

आणि आत यल्लव्वाची मान खांद्यावर कलली.

शिवलीलेला पुढे कितीदा तरी तो क्षण आठवला. हातात फोन, बोट पुन्हा अॅम्ब्युलन्सच्या नंबरावर. समोर भाऊ, त्याचा अंगठा रिक्षावाल्याच्या नावावर. दोघं एकमेकांचं भलं बघून एकमेकांचं काम उलटवत होती, आणि मध्ये आई चालली होती. आयुष्यभर तिने हेच दुसऱ्यांच्या कोडमध्ये पकडलं होतं. अशा वेळी एकाने पुढे व्हायचं असतं, हे तिला ठाऊक होतं, आणि पुढे तीच होत आली होती. ऑफिसात आणि घरातही. पण नर्सिंग होम जवळ होतं आणि रिक्षा अजून गल्लीच्या टोकाला असणार होती. योगीराजचं बरोबर होतं.

तिने फोन टेबलावर उपडा ठेवला.

"अण्णा, आता तू. तू सांगशील तेवढंच मी करते."

लहानपणापासून ही बहीण योगीराजला कामं सांगत आली होती. मग तो अनवाणी गल्लीत धावला, वळणावर रिक्षा अडवली, आईला लहान पोरासारखं उचललं. "डोकं धर तिचं," म्हणाला, आणि शिवलीलेने डोकं धरलं. रिक्षा सिग्नलला अडली तेव्हा तिला दुसरा रस्ता सांगावासा वाटला. ती बोलली नाही. कुणाला वाटेल, गप बसणं सोपं असतं. तिच्यासारख्या बाईला ते किती जड जातं हे तिने ओठ किती घट्ट चावला होता ते पाहून कळलं असतं.

सलाईनमधून साखर गेली आणि तासाभराने यल्लव्वाने डोळे उघडले. दोन्ही पोरांचे चेहरे तिच्यावर वाकलेले. शिवलीला रडत होती. योगीराज भिंतीकडे तोंड करून रडत होता, पुरुषांची ती एक पद्धत.

"माझ्यामुळं झालं, अव्वा," शिवलीला म्हणाली. "मी विचारायचं होतं त्याला."

"मी सांगायचं होतं," योगीराज भिंतीलाच म्हणाला.

यल्लव्वाला काय झालं ते कुणी सांगितलं नव्हतं. तिने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. कालचं काही न आठवणाऱ्या बाईला पन्नास वर्षांपूर्वीचं लख्ख दिसत होतं.

"खारट केलासा व्हय?" ती म्हणाली. "वैर न्हाई म्हणायचं तुमच्यात."

घरी आल्यावर शिवलीलेने निपाणीची जुनी पितळी पळी घासून फ्रिजवर ठेवली. डॉक्टरांनी इंजेक्शन पुन्हा सुरू करायला सांगितलं तो रविवार होता. शिवलीलेला झोप कसली येते. ती लवकरच उठून दारात आली, तर पळी उपडी होती. आईशेजारी योगीराज बसलेला, हातात पेन, पण सुई टोचायला त्याचा हात धजेना. एकदा पुढे नेला, मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे.

ते पेन त्याच्या हातून घेऊन पुढच्या क्षणाला काम उरकायला शिवलीला सहज तयार होती. तिने एक पाऊल उचललंसुद्धा. मग फ्रिजवरच्या पळीकडे पाहिलं आणि दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिली.

"टोच की रे योगी," यल्लव्वा म्हणाली. "भूक लागलीया मला. लीला तिकडं कवाधरनं थांबलीया."

त्याने टोचलं. पेन जागेवर ठेवलं, पळी सरळ केली, आणि मगच मागे वळून बहिणीकडे पाहिलं.

"स्वल्प उशीर झाला," तो म्हणाला.

"होऊ दे," शिवलीला म्हणाली, आणि इडली वाढायला घेतली.