दोन दुनळ्यांची जोड

आमच्या घरात खंडेनवमीला आधी गोष्ट आणि मग पूजा. गोष्ट दरवर्षी तीच: पणजोबांनी शिकारीत जखमी बिबट्या स्वतःच्या अंगावर घेतला, गोऱ्या साहेबाचा जीव वाचवला, म्हणून साहेबाने आपल्या दोन्ही दुनळी बंदुका पेटीसकट त्यांना बक्षीस दिल्या. ही गोष्ट वडील सांगायचे आणि आम्ही ताठ मानेने ऐकायचो.

गेल्या वर्षी काका जयसिंगपूरहून आले ते ठरवूनच. परवाने दोघा भावांच्या नावावर एकेक, तर एक बंदूक मी नेणार, म्हणाले. वडील म्हणाले, जोड फुटणार नाही. आमच्या शिवाजी पेठेत भावाभावांचं भांडण म्हणजे गल्लीला फुकटचा तमाशा, पण त्या दिवशी तमाशावर भागलं नाही. काकांनी पाटावरची बंदूक उचलली, वडिलांनी नळी धरली. बंदुका रिकाम्या आहेत हे दोघांनाही माहीत होतं, म्हणूनच हात मोकळे सुटले असावेत. काकांनी हिसडा मारून बंदूक फिरवली आणि तिचा लाकडी दस्ता वडिलांच्या कपाळावर बसला. कपाळ फुटलं, झेंडूच्या फुलांवर रक्त सांडलं. वडिलांनी काकांचा गळा आवळला आणि त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. मी मध्ये पडले आणि पूजेचा तांब्या काकांच्या मनगटावर हाणला. बंदूक सुटावी म्हणून, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला ते मनगट मोडायचंच होतं, आणि हाणल्यावर बरं वाटलं.

वडिलांची आत्या कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. नव्वदीची, पणजोबांची एकटी उरलेली लेक. तिने काठी फरशीवर आपटली.

"बिबट्या न्हवताच तितं," ती म्हणाली. "झुडूप हाललं म्हणून सायबानं बार उडवलं. जनावर उठवाया हाका घालणारं माझं दोन चुलतं मेलं. दोन माणसं गेली, म्हणून दोन बंदुका आल्या."

वडिलांचे हात काकांच्या गळ्यावरून निघाले. हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं. गोष्टीत बिबट्या मागाहून आमच्या आजोबांनी घातला, पोरांना मान खाली घालावी लागू नये म्हणून.

काकांनी बंदूक पेटीत ठेवली आणि पेटी वडिलांकडे सरकवली. तुझ्याकडंच राहू दे, म्हणाले. वडिलांनी ती परत ढकलली. घटकाभरापूर्वी जिच्यासाठी एकमेकांचा जीव घ्यायला निघाले होते, ती आता दोघांनाही शिवायला नको होती. मला दोघांचीही किळस आली, आणि माझीही.

"आता नगं व्हय?" आत्या म्हणाली. "माझ्या बानं बी नगंच म्हणलं हुतं. चुलत्यांची मडी दारात पडलीवती. सायबाची माणसं म्हणाली, आदी पेटी आत घ्या, मग मडी."