दोन्हीकडचं पाणी

पुसदच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला की मला धनुष्कोडीचा रस्ता आठवतो. पुसदहूनच भाड्याची गाडी करून आम्ही घरचे सगळे रामेश्वरला गेलो होतो. बेटाच्या टोकाकडे जाणाऱ्या त्या सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समुद्र होता, खिडकीतून खारट वारा येत होता आणि आम्ही फोटो काढण्यात गुंग होतो. काचबिंदूने नजर गेलेल्या आईने विचारलं, “काय दिसून राह्यलं रे?” मी म्हटलं, “समुद्र.” आणि पुन्हा फोन खिडकीबाहेर धरला. तेव्हा आमच्या ड्रायव्हरचाचांनी गाडी हळू केली. “माय, डाव्या हाताले पानी हिरवं हाय, कवळ्या सोयाबीनसारखं, अन् एकदम शांत. उजवीकडचं निळं हाय, थे लाटा मारून राह्यलं. मधातून आपला रस्ता.” आईने विचारलं, “तुमी आंधी आलते का इथं, भाऊ?” “नाही माय, समुद्रच पयल्यांदा पाहून राह्यलो.” “मंग थांबवा ना गाडी. मले सांगता सांगता तुमचं पाह्यनं राहून जाईन.” चाचा उतरले आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभे राहिले. आई उघड्या दारात वाऱ्याकडे तोंड करून बसली. मी फोन खिशात ठेवला आणि तिच्याजवळ गेलो. आता तिला नेरला मावशीकडे नेतानाही मी रस्ताभर दिसेल ते सांगत जातो. “हे तं मले माहीत हाय,” असं ती म्हणते, आणि थोड्या वेळाने विचारते, “मंग? पुढं काय हाय?”